भादरायच्या मशिनचे सेल घरी कसे बदलायचे

दिवाळीच्या आधी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात रेडिओ आणि मिक्सर मागे पडतात, भादरायची मशिनं पुढे येतात. कोल्हापुरात दिवाळीत गवळी समाजाचा म्हशींचा सगर, म्हणजे सजवलेल्या म्हशींची मिरवणूक, असतो. त्याआधी म्हशी भादरून, तेल लावून, शिंगं रंगवून काळ्याभोर चकचकीत करायच्या असतात. पूर्वी हे काम वस्तऱ्यावर चालायचं, आता बिनवायरची मशिनं आली आहेत. मशिन टेबलावर ठेवलं की बहुतेकांचं वाक्य एकच असतं: "रातभर चार्ज केलंय, तरी केस वडतंय."

'वडतंय' म्हणजे नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या. मशिनच्या डोक्यात दोन पाती असतात. खालचं स्थिर, वरचं डावी-उजवीकडे हलणारं. बॅटरी दमली की मोटर मंदावते आणि वरचं पातं सेकंदाला कमी फेऱ्या मारतं. पण तुमचा हात मात्र सवयीच्या वेगानेच पुढे सरकतो. मग केस कापला जायच्या आधीच दातांत चिमटला जातो आणि मुळापासून ओढला जातो. म्हैस अंग चोरते, लाथ मारते. पुढच्या वेळी मशिनचा नुसता आवाज ऐकला तरी ती दाव्याला हिसके देते. कुत्र्याचं तर विचारूच नका, एकदा पोटाखाली केस ओढला गेला की ते महिनोन् महिने हात लावू देत नाही. म्हणून दमलेला सेल बदलणं हे माझ्या दृष्टीने पैसे वाचवण्यापेक्षा जनावरासाठी करायचं काम आहे. पैसे वाचतात ते वेगळंच. मोटर आणि पाती चांगली असलेलं मशिन केवळ सेल मेला म्हणून भंगारात जाताना पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं.

दोष सेलचाच आहे का?

वडणाऱ्या प्रत्येक मशिनचा सेल गेलेला नसतो. पातं काढा. आत साचलेला केस, कोंडा आणि वाळलेल्या तेलाचा काळा लगदा जुन्या टूथब्रशने काढून टाका. आता पातं न बसवता मशिन चालू करा. मोटर मोकळी जोरात फिरते आणि पातं लावलं की लगेच दबते, तर दोष पात्याचा धरा: धार गेली असेल, तेल नसेल किंवा ताण जास्त आवळला असेल. पात्याला दोन-तीन थेंब मशिनचं पातळ तेल द्या. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि केस धरून बसतं.

पातं नसतानाही मोटर सुरुवातीला जोरात आणि काही मिनिटांतच मेल्यासारखी फिरत असेल, तर सेलकडे वळा. त्याआधी चार्जर तेवढा तपासा. स्टँडवर ठेवून चार्ज होणारं मशिन असेल तर स्टँडच्या दोन पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असतो. गोठ्यातल्या दमट, अमोनियाच्या हवेत हे फार लवकर होतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्पिरिट लावून त्या पुसा. मग मल्टिमीटरने चार्जरचा दाब, म्हणजे किती व्होल्ट येतात ते, बघा. मल्टिमीटर नसेल तर घ्या. अगदी साधा पिवळा मीटरही या कामाला पुरतो आणि त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होईल.

मशिन उघडणं

चार्जर काढा, स्विच बंद करा. स्क्रू नेहमी समोर दिसत नाहीत. एखादा पात्याच्या मागे असतो, एखादा स्टिकरखाली. स्टिकरवरून बोट फिरवलं की खड्डा लागतो. काही मशिनला चौफुली स्क्रूऐवजी सहा टोकांच्या चांदणीचे स्क्रू असतात. त्यात भलताच पेचकस घालून डोकं घासवू नका, मोबाइल दुरुस्तीच्या संचात ती टोकं मिळतात. सगळे स्क्रू निघाल्यावरही दोन्ही कवचं खाचांत अडकलेली असतात. ती लोखंडी पेचकसाने उचकटण्यापेक्षा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सोडवा, प्लास्टिकला व्रण पडत नाही.

उघडल्या उघडल्या मोबाइलवर फोटो काढा. एक वरून, एक प्रत्येक वायरीच्या टोकाचा, एक मोटरच्या पुढच्या भागाचा, जिथे पातं हलवणारा छोटा दांडा आणि कधी कधी बारीक स्प्रिंग असते. ती स्प्रिंग टुणकन उडाली की गोठ्यात सापडत नाही. म्हणून हे काम पसरलेल्या पांढऱ्या टॉवेलवर करा.

आत कुठला सेल आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मशिनात तीनपैकी एक प्रकार असतो: जुन्यात निकेल-कॅडमियम, मधल्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइड, नव्यात लिथियम-आयन. पहिल्या दोघांचा प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणून ते दोन किंवा तीन ओळीने जोडून २.४ किंवा ३.६ व्होल्ट केलेले असतात. लिथियमचा एकच सेल ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा असतो.

आता गडबड कुठे होते बघा. ३.६ हा आकडा दोन्हीकडे येतो. तीन निकेल सेलांच्या गठ्ठ्यावर '३.६ व्होल्ट' आणि एकट्या लिथियम सेलवरही '३.६ व्होल्ट'. नुसता आकडा बघून निकेलच्या जागी लिथियम बसवला, तर जुना चार्जर त्यात ४.२ व्होल्टच्या पुढेही करंट ढकलत राहतो. लिथियम सेलला ४.२ ही हद्द आहे. ती ओलांडली की सेल फुगतो, पेटतो. तेव्हा आकड्याआधी सेल मोजा आणि वेष्टनावरची अक्षरं वाचा. 'एचआर' असेल तर निकेल-मेटल हायड्राइड, 'केआर' असेल तर निकेल-कॅडमियम, 'आयसीआर' किंवा 'आयएनआर' असेल तर लिथियम-आयन. 'आयएफआर' हा लिथियमचाच भाऊबंद, पण तो ३.२ व्होल्टचा आणि चार्जिंगही वेगळं. त्याची अदलाबदल करू नका.

सेल खरंच मेलाय का तेही मीटरवर बघा. मशिन पूर्ण चार्ज करून थोडा वेळ ठेवा, मग प्रत्येक निकेल सेलच्या दोन टोकांना मीटर लावा. चांगला सेल १.३ च्या आसपास दाखवतो. तिघांत एखादा शून्याजवळ असतो, तोच सगळ्यांना खाली ओढतो. पण आराम करणारा सेल फसवतो. म्हणून मोटर चालू ठेवूनच पुन्हा मोजा. चालत्या मोटरवर निकेल सेल १ व्होल्टच्या खाली आला किंवा लिथियम सेल ४.२ वरून सरळ ३ च्या खाली बसला, तर तो संपला.

आणि तिघांतला एकच गेला असला तरी तिन्ही बदला. जुन्या दोघांमध्ये एक ताजा घातला की वापरताना जुना आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून करंट रेटत राहून त्याला उलटा चार्ज करतात. तुमचे नवे पैसे त्या जुन्यांच्या पायी जातात.

खरेदी

लांबी आणि जाडी पट्टीने मोजून घ्या. पेन्सिल सेलच्या मापाचा एए सेल १४.५ मिलिमीटर जाड आणि ५०.५ लांब, पण मशिनात बऱ्याचदा त्याचाच आखूड भाऊ असतो. लिथियममध्ये '१८६५०' हे नावच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. त्याच सेलला बुडाशी संरक्षक चकती लावलेला प्रकार काही मिलिमीटर लांब असतो आणि कवचात बसत नाही.

दोन्ही टोकांना निकेलची पट्टी वेल्ड केलेले सेलच मागा. बाजारात त्यांना टॅगवाले सेल म्हणतात. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळतात. पट्टी का हवी? सेलच्या अंगावर थेट सोल्डर केलं की उष्णता आतल्या पातळ पडद्यापर्यंत आणि तोंडाच्या सीलपर्यंत जाते. सेल त्या दिवशी चालतो, पण आयुष्य गमावून बसतो. लिथियमच्या बाबतीत तर ते सरळ धोक्याचं आहे.

क्षमतेच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १८६५० मापात खरी क्षमता साधारण २००० ते ३५०० एमएएचच्या (मिलिअँपियर-तासांच्या) दरम्यान असते. '९९००' छापलेला सेल दिसला की तो ठेवून पुढे चला. हातात घेऊनही कळतं: खरा १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली हलका लागतो. सोनाराकडचा काटा मिळाला तर उत्तम. मोटरला ओढ लागते, म्हणून लिथियममध्ये जास्त करंट देणारा 'आयएनआर' जातीचा सेल घ्या, क्षमता थोडी कमी असली तरी चालेल. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल स्वस्तात मिळतात. त्यांनी किती उन्हाळे सोसले, किती वेळा ठार रिकामे झाले हे कुणालाच माहीत नसतं. जनावराच्या अंगावर चालवायच्या मशिनात मी ते घालत नाही.

निकेल-कॅडमियमच्या जागी निकेल-मेटल हायड्राइड घालता येतं का, हा प्रश्न हटकून येतो. चार्जर साधा, रात्रभर हळू चार्ज करणारा असेल तर घालता येतं, पण हिशेब बदलतो. समजा चार्जर १०० मिलिअँपियर देतो. १००० एमएएचचा सेल भरायला दहा तास नव्हे तर चौदा तास लागतात, कारण चार्जिंगमध्ये थोडं वाया जातं. तिथे २००० चा सेल घातलात तर अठ्ठावीस तास. तेव्हा मोठा आकडा घेऊन रात्रीपुरतं चार्ज केलंत तर सेल अर्धाच भरतो आणि मग नवा सेलही खराब वाटायला लागतो. चार्जर तासाभरात भरणारा असेल तर मात्र जो प्रकार होता तोच घाला. निकेल-कॅडमियम भरल्यावर दाब किंचित उतरतो आणि जलद चार्जर ती खूण पकडून थांबतो. मेटल हायड्राइडमध्ये तो उतार फार बारीक असतो. चार्जर तो ओळखत नाही आणि सेल तापत राहतो. आणि चार्ज न होणारे साधे पेन्सिल सेल घालून चार्जरवर ठेवणं हे कुठल्याच परिस्थितीत करू नका, ते गळतात किंवा फुटतात.

एक जुगाड माझ्याकडे वारंवार येतं. मेलेला सेल काढून टाकायचा आणि चार्जरची वायर थेट मोटरला द्यायची. हे मी कधीच करून देत नाही. जोर लागल्यावर मोटर एक-दोन अँपियर ओढते. सेल हळूहळू भरण्यापुरता बनवलेला चार्जर ते देऊ शकत नाही, त्यामुळे मशिन आणखी वडतं आणि चार्जर तापतो. स्वस्त चार्जरच्या आतलं इन्सुलेशन वितळलं, तर ओल्या फरशीवर उभ्या म्हशीच्या आणि तुमच्या हाताच्या मध्ये २३० व्होल्ट येतात. गाई-म्हशींना माणसाला जाणवणारही नाही इतक्या कमी दाबाचा झटकासुद्धा लागतो. बिनवायरचं मशिन गोठ्यात आणायचं मुख्य कारणच हे, की जनावराने पाय दिला तर तुटेल अशी वायर तिथे नसावी.

प्रत्यक्ष बदल

निकेलचं मशिन आधी चालवून रिकामं करा. लिथियमचं निम्म्याच्या खाली आणा, म्हणजे चुकून टोकं भिडली तरी धोका कमी राहतो. अंगठी, कडं काढून ठेवा.

वायरी एकेक करून कापा. दोन्ही एकदम पकडीत धरल्या की पकडच शॉर्ट करते. पहिली कापली की तिच्या टोकाला टेप, मगच दुसरी. नव्या सेलच्या अधिक टोकाजवळ तांबड्या स्केचपेनने ठळक खूण करा, कारण वेष्टनावरचं छापील चिन्ह वळवाळणाऱ्या वायरीत दिसत नाही. तीन सेल ओळीने जोडताना एकाचं अधिक दुसऱ्याच्या उण्याला. पट्टी सेलच्या खांद्यावरून वळते तिथे खाली इन्सुलेशनच्या कागदाची चकती असलीच पाहिजे. सेलचं अख्खं अंग उण्याचं असतं, अधिकची पट्टी तिथे घासली की शॉर्ट.

सोल्डरिंग आयर्न चांगलं तापलेलं हवं. थंड आयर्न पट्टीवर धरून बसलात तर उष्णता सेलमध्ये उतरते. पट्टीच्या टोकाला आधी थोडं टिन (सोल्डर) चढवा, वायरीलाही चढवा, मग दोन्ही भिडवून दोन-तीन सेकंदांत बाजूला व्हा. सोल्डर पट्टीच्या टोकाला, सेलपासून जमेल तितकं लांब.

गठ्ठ्यातून तिसरी बारीक वायर निघत असेल तर ती तापमान सांगणाऱ्या मण्याची असते. तो मणी जुन्या सेलवर चिकटवलेला असतो. तो जपून सोडवा आणि नव्या सेलच्या अंगाला घट्ट टेपने बसवा. लोंबकळत ठेवलात तर चार्जरला सेलचा ताप कळणार नाही. लिथियमच्या गठ्ठ्यावर नखाएवढं हिरवं बोर्ड असतं, जास्त भरणं, ठार रिकामं होणं आणि शॉर्ट या तिन्हीपासून तेच वाचवतं. ते जसंच्या तसं नव्या सेलवर घ्या. ते जळलेलं असेल तर त्याच दाबाचं नवं घाला, पण त्याशिवाय सेल चार्ज करू नका.

शेवटी सगळ्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. सोल्डरिंगचा हात नसेल तर त्यात कमीपणा नाही. जुना गठ्ठा आणि फोटो घेऊन ई-बाइकच्या बॅटऱ्या बांधणाऱ्याकडे जा. त्याच्याकडे स्पॉट वेल्डिंगचं मशिन असतं आणि हे काम तो उभ्या उभ्या करून देतो.

कवच बंद करायच्या आधी मीटरने मशिनच्या बोर्डावर दाब आणि अधिक-उणे दोन्ही तपासा. उलटं जोडून स्विच दाबला तर मोटर कदाचित वाचेल, बोर्ड वाचत नाही. क्षणभर चालवून बघा. मग रबरी कडी खाचेत नीट बसवा, नाहीतर तेल आणि केस आत शिरतात. एकही वायर मोटरच्या फिरत्या भागाजवळ किंवा स्क्रूच्या खांबाखाली येऊ देऊ नका.

पहिलं चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. निकेलचा सेल शेवटी कोमट होतो, ते बरोबर आहे. हात ठेववत नसेल इतका तापला तर लगेच काढा. लिथियम सहसा जेमतेम कोमट होतो. निकेलचा नवा सेल पहिल्याच वेळी पूर्ण जोर देत नाही, दोन-तीनदा पूर्ण भरून वापरला की उघडतो. त्याआधी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

सेल पुन्हा लवकर मरू नयेत म्हणून

गवळ्यांच्या मशिनांचे सेल वापरून कमी आणि पडून जास्त मरतात. दिवाळीला चालवलं, रिकामं झालं तसंच माळ्यावर टाकलं, पुढच्या दिवाळीला काढलं. निकेलचा सेल पडल्या पडल्या आपोआप उतरत जातो आणि ठार रिकामा राहिला की बिघडतो. लिथियमही तसा फार खाली गेला की त्याचं बोर्ड दार बंद करून घेतं आणि मशिन मेलं असं वाटतं. तेव्हा ठेवताना निम्मं भरून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी, बेंदूर-गणपतीची आठवण ठेवून म्हणा हवं तर, चार्जरवर लावा. रोज वापरणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांनी आणि कुत्र्यांचे केस कापणाऱ्यांनी एकच गोष्ट टाळावी: मे महिन्यात मशिन बंद गाडीत ठेवणं. उष्णता सेलला फार लवकर मारते. आणि चालवून गरम झालेलं मशिन लगेच चार्जरवर लावू नका, आधी निवू द्या.

काढलेल्या जुन्या सेलांचं काय करायचं, हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. ते उकिरड्यावर टाकू नका. कॅडमियम विषारी धातू आहे. उकिरड्याचं खत होतं, खत शेतात जातं, तिथून वैरणीत आणि परत त्याच म्हशीत येतं. लिथियमचा सेल कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर पेट घेऊ शकतो. दोन्ही टोकांवर टेप लावा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा आणि अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी या सेलांच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्यामुळे सेल विकणाऱ्यालाही परत घेतोस का म्हणून विचारा. फुगलेला लिथियम सेल टोचू नका, दाबू नका. वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर सावलीत ठेवा आणि लवकरात लवकर पोचवा.

कवचाच्या आतल्या बाजूला नव्या सेलचा प्रकार, क्षमता आणि महिना-वर्ष मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी ज्याच्या हातात ते उघडेल, त्याला ३.६ चा घोळ पुन्हा सोडवावा लागणार नाही.